नयनावहिनींचं मत

मल्लेश्वरमच्या त्या चार मजली बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद पडली तरी लोक आधी सुहासच्या दाराची बेल वाजवायचे आणि मग मेकॅनिकला फोन करायचे. त्यात लोकांची चूक नव्हती. चोपन्नाव्या वर्षीही या गृहस्थाच्या अंगातली खोड गेली नव्हती. ऐन श्रावणी सोमवारी सूर्यकांतच्या भिजवलेल्या साबुदाण्यात थर्माकोलचे मणी मिसळणारा माणूस तो. सकाळी अर्धा साबुदाणा पाण्यावर तरंगत होता आणि सूर्यकांत दुकानदाराला कानडीतून शिव्या घालायला निघाला होता.

सुहासला आयुष्यात पकडलं ते एकाच व्यक्तीने. समोरच्या फ्लॅटमधल्या नयनावहिनींनी. त्या काही बोलायच्या नाहीत, नुसतं त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "भावजी, डावा कान लाल झालाय." संपलं. थाप मारली की सुहासचा डावा कान लाल होतो हे खुद्द स्मिताला, त्याच्या बायकोला, लग्नानंतर अठरा वर्षांनी कळलं, आणि तेही वहिनींनी सांगितल्यावर.

नयनावहिनी चौदा महिन्यांपूर्वी गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि पाचव्या दिवशी काहीच नाही.

मागे राहिला विश्वेश्वर. विशू. सुहासचा कारखान्यातला जुना सीनियर, नुकताच रिटायर झालेला, मितभाषी, सरळ माणूस. गेले चौदा महिने तो सहसा दार उघडत नव्हता. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा आणि दुपारी ती तिथेच असायची. बारा किलो वजन उतरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यांना एकटं ठेवू नका. मुलगी गौरी पुण्यात शाळेत शिक्षिका. तिने जानेवारीत सुहासला फोन केला.

"काका, मी बाबांना पुण्याला घेऊन जाणार. सव्वीस तारखेला सकाळी शाळेत झेंडावंदन आहे, ते चुकवता येत नाही. दुपारच्या विमानाने येते. सत्तावीसला बाबांना घेऊन परत. पण त्या आधीचे तीन दिवस सलग सुट्टी आहे, शेजारीपाजारी सगळे फिरायला जाणार. त्यांना एकटं सोडू नका हो. मला फार भीती वाटते."

"मी आहे ना," सुहास म्हणाला. आणि हे म्हणताना कान लाल झाला नव्हता.

आता विशूला घराबाहेर काढायचं कसं? सुहासने डोकं चालवलं. टीव्हीवर तो जंगलातला खेळ लागायचा ना, माणसं रानात सोडतात, त्यांच्यात तट पडतात, रोज मतं घेऊन एकाला घरी पाठवतात, तो खेळ ही चार मित्रजोडपी दरवर्षी सुहासच्या हॉलमध्ये एकत्र बसून बघायची. नयनावहिनी सोफ्याच्या कोपऱ्यात भाजी निवडत बसायच्या आणि आज कोण जाणार ते मान वर न करता सांगायच्या. एकदाही चुकल्या नाहीत. "तो त्या उंच मुलाला मिठी मारतोय ना, तोच त्याला काढणार," वगैरे. सुहासने ठरवलं, तोच खेळ आपण खेळायचा. बन्नेरघट्ट्याच्या पलीकडे धनलक्ष्मी अक्काचं चिंचेचं आणि आंब्याचं रान होतं, एका बाजूला थेट जंगल, मधे हत्तींसाठी खणलेला खंदक. शनिवार ते सोमवार, चार जोड्या, चार तंबू. रोज मतदान, रोज एक जोडी तंबूतून बाहेर. बाहेर पडलेल्यांनी धनलक्ष्मीच्या घराच्या पडवीत झोपायचं, पण मत शेवटपर्यंत द्यायचं.

विशूने दाराच्या फटीतून ऐकून घेतलं.

"जोड्यांचा खेळ आहे. माझी जोडी नाही."

"गणपती बसवताना काय केलंस?" सुहास म्हणाला. "गुरुजींनी कमरेला सुपारी खोचायला लावली ना बायकोच्या जागी? देवाला चालतं ते मला चालेल."

विशूने साखळी काढली.

"येतो. पण मला बाहेर काढलं की मी पडवीत झोपणार नाही. मी घरी जाणार. आणि माझ्या मागे कोणी यायचं नाही. शपथ घे."

"घेतली."

"अशी नाही. नयनाची घे."

सुहासने घेतली. त्याला कसली काळजी? मतं फिरवणं हा त्याच्या डाव्या हाताचा मळ. त्याच संध्याकाळी तो उरलेल्या दोन्ही जोड्यांकडे जाऊन आला. एक सूर्यकांत आणि विद्या, तीन पिढ्या बेंगळुरूत मुरलेले, घरात मराठीपेक्षा कानडी जास्त. दुसरे अभिजीत आणि केतकी, तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले, व्हाइटफील्डला आयटीत. सगळ्यांना त्याने एकच सांगितलं: सोमवारी संध्याकाळी गौरी थेट रानात येईल. तोपर्यंत विशूला मत द्यायचं नाही. शनिवारी अभिजीत-केतकीला काढायचं, रविवारी सूर्यकांत-विद्याला, आणि सोमवारी सुहास-स्मिताला. विशू जिंकणार. ठरलं.

"म्हणजे अलायन्स," अभिजीत म्हणाला.

"म्हणजे कट," सुहास खुशीत म्हणाला.

शनिवारी सकाळी दहाला सगळे रानात पोचले. हवा कोरडी, थंड. चिंचेच्या झाडाखाली पिकलेल्या चिंचांचा सडा आणि आंबट वास. खंदकापलीकडे बांबू आपसात घासून कुरकुरत होते. मागे उत्तरेकडे, धुरकट उजेडात, शहरातले टॉवर काड्यांसारखे दिसत होते.

सुपारी बसवायचं काम विद्याने केलं. ती याबाबतीत कडक. हळद, कुंकू, अक्षता, सगळं घरून आणलं होतं.

"थट्टेत बसवू नका हं," ती म्हणाली. "बसवली की बसली. तिला सगळे हक्क असतात मग."

"असू देत की!" सुहास म्हणाला. त्याने ओंजळभर अक्षता घेतल्या, सुपारीवर टाकल्या आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "नयनावहिनी, या! बसा! आमच्यातलं कोण कुणाला मिठी मारतंय बघा जरा!"

सगळे हसले. विशूही किंचित. मग त्याने ती सुपारी उचलून धोतराच्या गाठीत ठेवावी तशी पँटच्या कमरेला, रुमालात गुंडाळून, जपून खोचली.

दिवसभर खेळ झाले. काडीपेटीशिवाय चूल पेटवणं, डोक्यावरून घागर नेणं. सूर्यकांत घागरीसकट घसरला आणि "अय्यो" म्हणून बसूनच राहिला. चार वाजता चहा झाला आणि मतदान.

मतदान अधिकारी धनलक्ष्मी अक्का. पन्नाशीची, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, डोळ्यांत कुणाचीही गय नाही. तिने विचारलं, किती माणसं? सुहास सात म्हणायच्या आत विद्या म्हणाली, "एंटु, अक्का." आठ. धनलक्ष्मीने आठ चिंचोके मोजून दिले. आठ देणार, आठ परत घेणार, एक कमी नाही, एक जास्त नाही, असं तिने दोनदा बजावलं.

"वन सेकंद," अभिजीत म्हणाला. "सुपारीला व्होट? म्हणजे विशूकाकांना दोन? फेअर नाहीये हं हे."

"वहिनी तटस्थ," सुहासने निकाल दिला. त्यांचा चिंचोका त्याने एका स्टीलच्या वाटीत ठेवला आणि वाटी विशूच्या सतरंजीजवळ. "तो तिथेच राहणार."

पंपघराच्या मागे चार करवंट्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी. एकेकाने मागे जायचं आणि जी जोडी बाहेर काढायची तिच्या करवंटीत आपला चिंचोका टाकायचा. सगळे जाऊन आले. धनलक्ष्मी करवंट्या घेऊन आली. अभिजीत-केतकीच्या करवंटीत सहा. विशूच्या करवंटीत दोन.

आठ. हिशोब चुकला नव्हता. फक्त स्टीलची वाटी रिकामी होती.

"सुहास!" चौघे एकदम ओरडले.

"अरे मी नाही!"

"दर वेळी हेच म्हणतोस की नाही, सुहासा?" सूर्यकांत म्हणाला.

सुहासने विशूकडे पाहिलं. एक मत विशूने स्वतःलाच दिलं असणार, ते त्याने धरलंच होतं. दुसराही त्यानेच उचलला म्हणायचा. विशूने, ज्याने कधी बसचं तिकीट चुकवलं नाही त्याने, फसवाफसवी केली! सुहासला इतका आनंद झाला की त्याने जेवताना विशूच्या पानात स्वतःहून दुसरी भाकरी वाढली, आणि विशूने ती खाल्ली.

"चोरा," सुहास त्याच्या कानाशी म्हणाला.

"मी एकच टाकला," विशू म्हणाला.

रविवारी सकाळी सुहास उठला तेव्हा विशू चिंचेखाली बसून उपमा खात होता. दुसऱ्यांदा घेतलेला. दाढी केली होती. शर्टाची कॉलर, जी गेलं वर्षभर एका बाजूने मुडपलेली असायची, नीट बसली होती.

"झोप लागली?"

"खूप दिवसांनी." विशूने बोटं चाटली. "तिला मात्र तंबू आवडलेला नाही. पाठ अवघडते म्हणे."

सुहास त्याच्या शेजारी बसला. धनलक्ष्मीची म्हैस समोर शांतपणे रवंथ करत होती.

"म्हणे?"

"म्हणजे बोलत नाही ती. तुला वाटलं असेल माझं डोकं फिरलं." विशू हसला. त्याचं हसू सुहास विसरलाच होता. उजवीकडचा एक दात थोडा पुढे होता, तो दिसायचा. "पत्त्यांमध्ये माझीच पार्टनर असून मलाच हरवायची, आठवतं? मी चुकीचं पान टाकलं की मुद्दाम डाव घालवायची. म्हणायची, चला घरी, तुमचं लक्ष नाही इथे."

"आठवतं."

"तेच म्हणतेय. चला घरी." विशूने कमरेवर हात ठेवला. "बघ. हात लावून बघ."

सुहासने रुमालावरून बोट टेकवलं. कोंबडीखालून नुकतं काढलेलं अंडं असतं ना, तितकी ती सुपारी ऊबदार होती. आता माणसाच्या कमरेला दिवसभर खोचलेली वस्तू ऊबदारच लागणार. सुहास इंजिनीअर होता. त्याने ते मनाशी नीट सांगून टाकलं.

पण दुपारी मात्र त्याने खबरदारी घेतली. सूर्यकांतच्या पानाच्या डबीतून नखभर चुना घेतला आणि वहिनींच्या चिंचोक्यावर पांढरा ठिपका लावला. तो वाटीत टाकला. वाटी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि वर आपला तळहात झाकला. मतदान संपेपर्यंत हात हलवला नाही. डास चावला तरी नाही.

आज ठरल्याप्रमाणे सूर्यकांत-विद्याला सहा मतं पडायची होती.

धनलक्ष्मीने मोजलं. सूर्यकांत-विद्या, नाल्कु. विशू, नाल्कु. चार आणि चार.

विशूच्या चारांतल्या एकावर पांढरा ठिपका होता.

सुहासने तळहात उचलला. वाटी रिकामी होती आणि तिचा तळ, थंडीतही, तापल्यासारखा लागत होता.

"हे बास झालं हं, काका," अभिजीत चिडला. "आपण कशासाठी करतोय हे? विशूकाका गेले असते आत्ता! दोन व्होट कुणाचे फिरले?"

कुणीच कबूल होईना. केतकी रडवेली होऊन म्हणाली, मी सूर्यकांतकाकांच्या हिरव्या चिंधीच्या करवंटीतच टाकला. विद्या आपलं उजवं मनगट चोळत उभी होती.

"विद्यावहिनी?"

"मी आमच्याच करवंटीवर हात धरला होता," ती हळू म्हणाली. "सोडताना कुणीतरी मनगट धरून बाजूला नेलं. जोर नाही केला. पोळ्या लाटून उठलेल्या बाईचा हात असतो ना, गरम, पिठाचा. तसा."

तिच्या मनगटावर खरंच कोरडं पीठ होतं. रानात तर भाकऱ्याच होत होत्या, नाचणीच्या. हे पीठ पांढरं होतं.

"बरोबरी झाली तर आयोजक ठरवणार," सुहास घाईघाईने म्हणाला. "नियम नंबर अकरा. सूर्यकांत-विद्या बाहेर."

"हा नियम कधी केला?"

"आत्ता."

कुणी हसलं नाही. म्हणजे विशू सोडून.

"तिला उठवा आता," विद्याने स्मिताला बाजूला घेऊन सांगितलं. "अक्षता टाकून निरोप द्या. बोलावलंत तसं पाठवायलाही हवं."

पण स्मिता अक्षता घेऊन विशूजवळ गेली तेव्हा त्याने कमरेवर दोन्ही हात घट्ट धरले. म्हणाला, "हात लावायचा नाही हं, स्मिता." इतक्या प्रेमाने म्हणाला की तिला पुढे होववेना. ती परत आली आणि सुहासला म्हणाली, "अहो, तुम्ही नाही ना करत हे? खरं सांगा."

"कान बघ."

स्मिताने कान पाहिला. मग तिने त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही.

सोमवारी गौरीचा मेसेज आला. झेंडावंदन झालं, विमानतळावर निघालेय. साडेतीनला उतरून, शहर ओलांडून, साडेसहापर्यंत रानात पोचेन. मतदान चारला. अडीच तासांचा प्रश्न होता. विशू एकदा घरी गेला, दार लावलं, की पुन्हा तीच साखळी आणि तीच दूधपिशवी. आणि शपथ घातलेली, तीही कुणाची!

दुपारी विशू आंघोळीला गेला तेव्हा त्याने सुपारी वाटीत काढून ठेवली होती. सुहास एक कप चहा घेऊन वाटीसमोर जाऊन बसला. आजूबाजूला कुणी नाही बघून घेतलं.

"वहिनी," तो म्हणाला, "चहा ठेवलाय. आलं घालून." थोडा वेळ गेला. "अडीच तास फक्त. गौरी येते आहे, तिच्या हाती त्याला देतो, मग तुम्ही म्हणाल ते. तो तुमचा आहेच हो. पण तिकडे पाठवायचा नाही मला त्याला. जेवत नव्हता तो, वहिनी. तुम्ही बघितलं असेल."

चहावर साय धरली. बांबू कुरकुरत राहिले.

"मलाही तुमची आठवण येते," सुहास म्हणाला. हे त्याने चौदा महिन्यांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

चार वाजता त्याने शेवटचा डाव टाकला. असा डाव की वहिनींनीसुद्धा मानला असता. पंपघरामागे त्याने एकच करवंटी ठेवली, त्याची आणि स्मिताची. विशूची करवंटी त्याने हातात घेतली, तिच्यावर दुसरी करवंटी पालथी घातली, सुतळीने चारी बाजूंनी करकचून बांधली आणि मांडीवर ठेवली.

"काल घोळ झाला," त्याने जाहीर केलं. "म्हणून आज विशूची करवंटी सगळ्यांसमोर, माझ्याजवळ. ज्याला विशूला काढायचंय त्याने इथे येऊन मागावी. मी सोडून देतो."

धनलक्ष्मीने भुवया उंचावल्या, पण "सरी" म्हणाली आणि आठ चिंचोके वाटले. वहिनींचा वाटीत. सुहासने स्वतःचा शर्टाच्या खिशात टाकला.

अभिजीत पंपघरामागे गेला आणि परत आला.

मांडीवरच्या करवंटीत टक असा आवाज झाला.

सुहासने खाली पाहिलं. गाठी तशाच होत्या.

केतकी गेली, परत आली. टक.

सूर्यकांत. टक.

आता बाकीच्यांनाही ऐकू येत होतं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. म्हैस रवंथ करायची थांबली होती.

विद्या गेली. येताना ती मनगट पदरात गुंडाळून आली. टक.

स्मिता जाताना सुहासकडे बघून गेली, मी आपल्याच करवंटीत टाकते आहे, असं डोळ्यांनी सांगून. परत आली. रिकामा हात उघडून दाखवला.

टक.

करवंटी जड होत होती. पाच चिंचोक्यांचं वजन ते काय? पण कुणीतरी मांडीवर पोर ठेवावं तशी ती जड झाली होती, आणि ऊबदार.

विशू गेला. अगदी सावकाश, हात मागे बांधून, फिरायला गेल्यासारखा. तोही रिकामा परत आला.

टक.

सुहासने वाटीकडे पाहिलं. वाटीत सुपारीही नव्हती, ती विशूच्या कमरेला होती. आणि चिंचोकाही नव्हता.

टक.

सात.

त्याने खिशावर हात ठेवला. खिसा सपाट होता.

टक.

धनलक्ष्मीने पंपघरामागून सुहास-स्मिताची करवंटी आणली आणि सगळ्यांसमोर पालथी केली. काही पडलं नाही. मग तिने कोयत्याने सुतळी कापली आणि एकेक चिंचोका जमिनीवर मांडत गेली. ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु. ऐदु. आरु. एळु.

"एंटु," ती म्हणाली, आणि उठून दोन पावलं मागे सरकली.

कुणी "सुहास" असं ओरडलं नाही. म्हणून तो स्वतःच म्हणाला, "मीच केलं. हातचलाखी. सगळं मीच." केतकी रडत होती, तिला बरं वाटावं म्हणून तो हे बोलला. अभिजीतने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ते खरं असायला त्याला फार हवं होतं.

विशूने पिशवी उचलली. सुहासजवळ आला, वाकून त्याच्या डाव्या कानाकडे बघितलं.

"लाल होतोय की," तो म्हणाला. "थापा मारू नकोस."

"विशू, अडीच तास थांब. गौरी..."

"शपथ कुणाची घेतलीस?"

सुहासने पुढे केलेला हात मागे घेतला.

"चिडू नकोस," विशू म्हणाला. त्याने सुहासच्या खांद्यावर हात ठेवला. हात गुबगुबीत लागला, बारा किलो उतरलेल्या माणसाचा नव्हे. "ती जिंकल्यावर हसायची ना, तशी नाही हसत आहे. तुझं वाईट वाटतंय तिला. चहा आवडला म्हणाली."

त्या चहाबद्दल सुहासने कुणाला सांगितलं नव्हतं.

रस्त्यावर शहराकडे जाणारा टेम्पो उभा होता. विशू पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला गेला आणि दार उघडून, चढायच्या आधी, थोडा बाजूला झाला. कुणाला तरी आधी चढू द्यावं तसा. मग स्वतः चढला.

टेम्पो वळणाआड गेल्यावर सुहासने गौरीला फोन लावला. शपथ त्याने घेतली होती, गौरीने नाही. "रानात येऊ नकोस," तो म्हणाला. "सरळ घरी जा. मल्लेश्वरम तुला जवळ आहे. बाबा पोचायच्या आत पोच. दार वाजवत राहा. नाही उघडलं तर चौथ्या मजल्यावरच्या आशयकडे किल्ली आहे."

मग त्यांनी तंबू उतरवले. खुंट्या मोजल्या. चिंचोके धनलक्ष्मीने एका फडक्यात बांधून खंदकात टाकले, आणि भाड्याबद्दल काही बोलायच्या आत घरात निघून गेली. सुहास फोन हातात धरून चिंचेखाली बसला होता. स्मिता शेजारी.

साडेसातला फोन आला.

"काका," गौरी म्हणाली. "बाबा ठीक आहेत."

सुहास फोन कानाशी घट्ट धरून उठला.

"मी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. सताड. खिडक्यासुद्धा. बाबा जेवताहेत, काका. वरणभात दोनदा घेतला. हसताहेत. मी त्यांना इतकं हसताना... कधी बघितलं ते आठवतही नाही."

"छान," सुहास म्हणाला. त्याने डोळे पुसले. स्मिताला खूण केली, सगळं बरं आहे म्हणून. "छान गं. मग उद्याचं विमान किती वाजता आहे? मी सोडतो तुम्हाला."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला. नळ सुरू झाला आणि बंद झाला.

"रद्द केलं, काका."

"का?"

"बाबाच म्हणाले, घरातला प्रश्न आहे, मतदान घेऊ. दोन वाट्या ठेवल्या. एक पुण्याची, एक इथे राहायची. शेंगदाणे घेतले. एक त्यांनी, एक मी."

"अगं, दोन माणसांत कसलं मतदान? बरोबरी व्हायची."

"मीही तेच म्हटलं."

"मग?"

गौरी आवाज खाली आणून बोलली, आतल्या खोलीत कुणाला ऐकू जाऊ नये तसा.

"इथल्या वाटीत तीन निघाले," ती म्हणाली. "मी माझा पुण्याच्या वाटीत टाकला होता, काका."